आळसवाडीत कोणी रुसत नाही

सध्या मी रुसलेली आहे, त्यामुळे लिहायला वेळ भरपूर आहे. रुसलेल्या माणसाला कामं कमी असतात. फोन उचलायचे नसतात, कुठं जायचं नसतं, घरातली माणसं जरा दबकून वागतात आणि चहा न मागता मिळतो. कशावरून रुसले ते ओघात सांगेनच. पण आधी रुसणं ही काय चीज आहे ते मला कसं कळलं, ते सांगते. ते कळलं टीव्हीवरच्या एका खेळामुळे, आणि त्या खेळात कोणी म्हणजे कोणीच रुसत नसे.

पनवेलजवळ रोडपालीला आमचं तीन मजली घर होतं. आजोबांच्या वेळी तिथं भात पिकायचा म्हणे, माझ्या वेळी भाडेकरू पिकायचे. खाली दोन गाळे, एकात मेडिकल आणि एकात सलून. मधल्या मजल्यावर भाड्याची माणसं, आणि वर आम्ही. बाबांचे दोन ट्रेलर बंदरात चालायचे, आणि एखादा रिकामा असला की घरासमोर येऊन उभा राहायचा. तो मागे घेताना जी पीं-पीं व्हायची तिच्यावर मी अभ्यास केलाय, झोपलेय, आणि बारावी पास झालेय. दुपारी तिकडे विमानतळासाठी डोंगर फोडायचे सुरुंग उडायचे. मांडणीवरची ताटं एकदा थरथरली की आई म्हणायची, "चला, वाजलं. भात टाकते." घड्याळाकडे तिनं कधी बघितलंच नाही. घरातली सगळी माणसं मोठ्यानं बोलणारी. बाबा फोनवर ड्रायव्हरशी बोलायला लागले की सलूनमधलं गिऱ्हाईक वर बघायचं. आमच्याकडे कोणी हळू बोललं तर लोक विचारायचे, "बरं नाय का गो तुला?"

अशा घरात तो खेळ आला. माझा मोठा भाऊ निखिल, नुकताच नोकरीला लागलेला, त्यानं मित्राकडून गेमचं एक जुनं मशीन आणलं. त्याला हवा होता फुटबॉल. त्या खोक्यात फुटबॉलसोबत आणखी एक खेळ फुकट आला होता, ज्याच्या डबीवर एक चष्मेवाली शेळी छत्री घेऊन उभी होती. निखिल म्हणाला, "हा बायकांचा गेम दिसतोय, घे तुला." मी अकरावीत होते. घेतला, आणि पुढं निखिलला फुटबॉल खेळायला टीव्ही मिळेनासा झाला, त्याला मी काय करू?

खेळ असा, की एक लहानसं बेट. त्यावर गाव, आणि गावात तुमचं एक खोपटं. तिथं करायला पुष्कळ असतं, पण केलंच पाहिजे असं काही नसतं. झाडांना पाणी घालावं, ओढ्यात गळ टाकून बसावं, किनाऱ्यावरचे शिंपले वेचावेत, शेजाऱ्यांच्या दारात जाऊन चार शब्द बोलावेत. शेजारी सगळे प्राणी. गावाला नाव द्या म्हणाले, मी दिलं आळसवाडी. त्या गावात मरायची सोय नव्हती, हरायची सोय नव्हती, आणि घाई तर औषधालाही नव्हती. क्लासवाल्या सरांनी फळ्याजवळ उभं करून अब्रू काढली, की मी घरी यायचे, दप्तर फेकायचे आणि आळसवाडीत जाऊन एक झाड लावायचे. तिथं पाऊससुद्धा अंगाला न लागता पडायचा. त्या खेळाचा हा गुण मी आजही मान्य करते. छातीत काहीतरी घट्ट बसलेलं असायचं, ते अर्ध्या तासात सैल व्हायचं. किती औषधांना हे जमत नाही.

आई समोर पाटावर बसून मासे साफ करता करता बघायची. तिला ते सगळं खरंच कुठंतरी चाललंय असं वाटायचं, निदान ती तसं बोलायची. शेळीला ती सरपंचीण म्हणायची आणि बेडकाला भाऊजी. "भाऊजी आज उठले नाय गो? बरं नाय वाटतं." मी एक मोठा मासा पकडला की विचारायची, "हा आता कोन खातं?" मी सांगायचे, कोणी खात नाही, म्युझियमला देतात. "मेले! खायचा नाय तर पकडायचा कशाला?" एवढं बोलून ती हातातल्या बांगड्याचं डोकं उडवायची. बाबांनी एकदाच बघितलं, जेवण झाल्यावर, दात कोरत. म्हणाले, "हा रस्ता कुनाच्या जागेतून गेलाय?" म्हटलं, कुणाच्याच नाही. "झाडं कुनाची?" सगळ्यांची. "बांधावरनं भांडनं?" नाहीत. बाबा उठले. "मंग गाव कसलं त्ये?" म्हणाले आणि झोपायला गेले. आम्ही हसलो. पण खेळाच्या दोषांवर एवढं नेमकं मी पुढं कुठं ऐकलं नाही.

मला मात्र तेव्हा दोष दिसत नव्हते. त्या खेळात प्रत्येक शेजाऱ्याच्या नावापुढं दहा पोकळ बदाम असायचे, पत्त्यातल्यासारखे. रोज एक भेट द्यायची, आवडीची असली की बदाम थोडा लाल व्हायचा. शेळीला सलगम आवडायचे, बेडकाला जुने बूट. न चुकता देत राहिलं की दहाही बदाम भरायचे, आणि मग तो शेजारी आपला फोटो फ्रेम करून तुम्हाला द्यायचा. झाली जन्माची मैत्री. मधे परीक्षेमुळे मी महिनाभर फिरकले नाही, तरी शेळी म्हणाली, "आलीस! तुझी आठवण येत होती." एक शब्द वाकडा नाही. एकदा भौतिकशास्त्राचा राग मी बेडकाच्या डोक्यात जाळं हाणून काढला. तो म्हणाला, "आई गं," आणि पुढच्या क्षणी, "आज हवा छान आहे, नाही?" मला वाटलं, माणसं अशी असती तर काय बहार आली असती. विशेषतः आमच्या घरची.

कारण आमच्या घरात तेव्हा एक रुसवा चालू होता, आणि तो साधासुधा नव्हता. बाबांची मोठी बहीण, बेबीआत्या, खारघरच्या बेलपाड्यात दिलेली. नाव बेबी, पण बाई अशी की भाजीवाला तिनं विचारायच्या आधीच भाव कमी करायचा. आजी मिठागरावर कामाला जायची तेव्हा बाबांना कडेवर घेऊन वाढवलं ते बेबीआत्यानं. माझ्या बारशाला कानात नाव सांगितलं तेही तिनं. प्राजक्ता हे नाव तिला फुलापेक्षा तिच्या लाडक्या मालिकेतल्या बाईमुळे सुचलं होतं, ते सोडा. तर माझी मोठी बहीण सोनल, तिच्या लग्नात घोळ झाला. आमच्यात लग्नकार्याला सासरी असलेल्या लेकीबाळींना न्यायला माहेरचं माणूस जातं, भाऊ नाहीतर भाचा. त्याला म्हणतात मुराळी. मुराळी दारात आला की बाई मान घेऊन माहेरी निघते. सोनलच्या वेळी बाबा हॉल, मांडव, डीजे आणि मटणवाला यांच्यात असे अडकले, की त्यांनी पत्रिका फोनवरच्या फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "सर्वांनी यायचं हं." आत्या त्या ग्रुपवर होती. तिनं वाचलं, आणि हळदीच्या दिवशी नवी साडी नेसून ओट्यावर बसून राहिली. न्यायला कोणी आलं नाही. अंधार पडल्यावर आत जाऊन तिनं साडी बदलली.

इकडे बाबांचं म्हणणं वेगळंच. हाकेच्या अंतरावर घर, दारात पोरांची गाडी, आणि माझ्या पहिल्या लेकीच्या हळदीला सख्खी बहीण येत नाही? चार लोकांत माझी मान खाली गेली. झालं! बेबीआत्याचं नाव घरात निघेनासं झालं. बाबा नारळ फोडावा तसे शब्द फोडणारे, पण हा विषय निघाला की गप्प. मी लहानपणी सगळ्या सुट्ट्या आत्याकडे काढलेल्या. तिच्या मांडीवर डोकं ठेवून उवा काढून घेतलेल्या. मला तिची आठवण यायची. पण सांगणार कोणाला?

मग निखिलचं लग्न ठरलं. आमच्या घरात नवऱ्यामुलाला पहिली हळद आत्यानं लावायची, हा नेम. निखिल आत्याचा सगळ्यात लाडका. त्यानं जेवताना विषय काढला, "बाबा, आत्याला न्यायला मी जाऊ का?" बाबा म्हणाले, "कोनी जायचं नाय. तिला रस्ता म्हाईत हाय." निखिल ताटावरून उठला. आई मागून हळूच मला म्हणाली, "या वेळेला नाय आली ना, तं संपलं गो. मंग दोघं मेल्यावरच एकमेकांच्या दारात जातील." आई हळू बोलली, म्हणून मला भीती वाटली.

तेव्हा मला शेळी आठवली. मी ठरवलं, की आत्याचे दहा बदाम भरायचे. माझं कॉलेज खारघरला, बेलपाडा वाटेत. रोज एक भेट. आत्या भरली, की मुराळी बिराळी काही लागणार नाही, आपणहून येईल. आता हसू येतं. पण सोळाव्या वर्षी माझा शेळीवर फार विश्वास होता.

पहिल्या दिवशी चॉकलेटं नेली. आत्या ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मला बघून तिचा हात थांबला, पण चेहरा हलला नाही. "कोन धाडलं?" म्हटलं, कोणी नाही, मीच आले. तिनं डबी उलटून बघितली. "मना डायबेटीस हाय." संपलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची फुलं नेली, ती तिनं सुनेला दिली. तिसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. पनवेलच्या मासळी बाजारात सकाळी सकाळी जाऊन निवटे घेतले, ते चिखलात उड्या मारणारे. आत्या निवट्यांसाठी जीव टाकायची. स्टीलच्या डब्यात भरले आणि डबा दप्तरात. शेअर रिक्षात माझ्या बाजूला एक आयटीवाला बसला होता. डब्यात निवटे झाकणावर टकटक करायला लागले, तसा तो माझ्या दप्तराकडे बघत बघत बाहेरच्या दांडीवर लटकायच्या बेताला आला. मी त्याला म्हटलं, "प्रॅक्टिकलचे आहेत."

आत्यानं डबा उघडला. एक निवटा उडून थेट तिच्या पदरात पडला, आणि आत्या हसली. लगेच तोंड मिटलं, पण मी बघितलं होतं. मनातल्या मनात मी एक बदाम लाल केला. "बाबांना काय सांगू नको," म्हणाली, "आनि डबा उद्या ने."

दुसऱ्या दिवशी डबा परत मिळाला तो जड. आत निवट्यांचं कालवण. "रिकामा डबा कोनाला देत नाय," आत्या म्हणाली, जणू नुसता रिवाज पाळतेय. घरी आणून मी आईच्या हातात दिला. आईनं झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं. कालवण आपल्या पातेल्यात ओतलं, आणि रात्रीच्या जेवणात वाढलं. बाबा जेवले. काही बोलले नाहीत, पण भाकरी एक जास्त घेतली. आणि सकाळी बघते तर आईनं तो डबा वालाच्या बिरड्यानं भरून ठेवलेला. मी म्हटलं, "आई, हे काय?" "रिकामा कसा देऊ?" म्हणाली.

तिथून माझी योजना दोघी बायकांनी माझ्या हातातून काढून घेतली. आमच्या घरनं बिरडं गेलं, बेलपाड्यानं करंदीचं सुकं आलं. आईनं वडे दिले, आत्यानं चिंबोऱ्या. मी म्हणजे नुसता टपाल्या. पुस्तकं हातात, दप्तरात डबा, आणि अंगाला असा वास, की मैत्रिणी पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. आणि बदाम? ते मोजायचे कसे, तेच कळेना. आळसवाडीत मी द्यायचे आणि शेळी घ्यायची. कधीमधी तीही एखादी टोपी द्यायची, पण ती टोपी कोणाच्या हातची नसायची. इथं मी दिलं की तेवढंच परत यायचं, कधी थोडं जास्त. आत्या होती तिथंच होती. ओट्यावरनं आत ये म्हणायची नाही. "जेवलंस का?" विचारायची, आणि बाबांचं नाव निघालं की सुकट निवडायला लागायची.

हळद जवळ आली. मांडवाचे बांबू येऊन पडले. मग मला राहवलं नाही. डबा देता देता विचारून टाकलं, "आत्या, निखिलच्या हळदीला येशील ना गं?"

बाप रे! आत्या अशी उसळली, की समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली. "निवटे खाऊन येनारी वाटली काय गो मी तुला? इतके दिवस मना वाटलं पोरीला आत्याची माया आली. तुमी मना डब्यावर भुलवताय?"

"तसं नाही गं आत्या! पण तुला रस्ता माहीत आहे ना? मग आलीस तर काय बिघडलं?"

हे बाबांचं वाक्य माझ्या तोंडून का निघालं, देव जाणे. आत्याचा आवाज एकदम खाली आला. "रस्ता मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "रस्ता दाखवायला मुराळी नाय येत, प्राजू. मना न्यावंसं कोनाला वाटतं का, ते बघायचं असतं." आणि ती रडली. मी बेबीआत्याला पहिल्यांदाच रडताना बघत होते. तिनं पदरानं नाक पुसलं, डबा आपल्या ताटलीत रिकामा केला आणि म्हणाली, "आता डबा आनू नको." झाकणावर आजीचं नाव कोरलेला तो डबा मी दप्तरात घातला. पहिल्यांदाच तो रिकामा परत येत होता.

घरी येऊन मी टीव्ही लावला. शेळी म्हणाली, "आलीस! तुझी आठवण येत होती." इतका संताप आला मला! मी आईला म्हटलं, "हा खेळ खोटा आहे. दिलं की माणूस आपलं होतं म्हणे. काही होत नाही. आत्या येणार नाही." आई भाकऱ्या थापत होती. तिनं रिकामा डबा बघितला, आणि भाकरी तव्यावर टाकायच्या ऐवजी हातातच धरून बसली. मी रडले, अगदी भोकाड पसरून. आमच्या घरात रडणंही मोठ्यानंच.

रात्री ताटं वाढली. आईनं त्या दिवशी नुसती तुरीची डाळ आणि सुका बोंबील केला होता. बाबांनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग ताटात इकडं तिकडं बघितलं.

"आज बेबीचं काय नाय आलं?"

आईच्या हातातला डाव पातेल्यात पडला. निखिल माझ्याकडे बघायला लागला, मी आईकडे.

"तुमाला कवाधरनं म्हाईत?" आईनं विचारलं.

"पहिल्या घासाला," बाबा म्हणाले. "तू चिंच घालतेस. कालवनात सुक्या कैरीची आंबोशी, ती आमच्या आयेची. ती बेबीलाच येते घालायला." ते ताटाकडे बघतच बोलत होते. "मी बोललो नाय. बोललो असतो तं बंद झालं असतं."

मी तिथंच सगळं सांगून टाकलं, निवट्यांपासून मुराळ्यापर्यंत. आत्या नवी साडी नेसून अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसली होती, हे बाबांना ठाऊकच नव्हतं. हे समोरच्या म्हातारीनं मला सांगितलं होतं आणि मी अजून कोणाला बोलले नव्हते. बाबांनी ऐकलं. जेवण टाकलं नाही. आमच्यात अन्न टाकत नाहीत. सावकाश संपवलं, हात धुतला, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. एरवी तिथून ते ड्रायव्हरवर ओरडायचे. त्या रात्री खालच्या मजल्यावरचे भाडेकरू आईला विचारायला आले, साहेबांची तब्येत बरी आहे ना.

आळसवाडीचं गणित मला तेव्हा उलगडलं. बदाम भरत होते, पण मी ज्यांचे मोजत होते त्यांचे नव्हते. रोज दप्तरातून बेलपाड्याहून जे येत होतं, ते माझे बाबा खात होते. इतके दिवस, गुपचूप, एक भाकरी जास्त घेऊन.

सकाळी बाबा दाढी करून, पांढरा शर्ट घालून तयार. गाडी निखिल घेऊन गेला होता, लग्नाच्या कपड्यांना. बाबांना थांबवेना. समोर ट्रेलरचा नुसता पुढचा भाग उभा होता, मागची ट्रॉली न जोडलेला. त्याला आमच्या धंद्यात घोडा म्हणतात. "चल," मला म्हणाले. मी केबिनमध्ये चढले. बेलपाड्याच्या गल्लीत तो घोडा शिरला तेव्हा दोन्ही बाजूंच्या घरांचे पत्रे वाजले आणि कोंबड्या पळाल्या. आत्या ओट्यावरच होती. बाबा खाली उतरले, चपला काढल्या आणि पायरीखाली उभे राहिले. माझे बाबा, ज्यांचा आवाज सलूनमधल्या गिऱ्हाइकाला ऐकू जायचा, ते असं बोलले की मला जेमतेम ऐकू आलं. "बेबी, न्यायला आलोय."

आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि मग जी सुरू झाली! "आता आठवन झाली दत्त्या तुला? कडेवर मुतायचास तवा बरी गोड लागायचे मी! मोबाईलवर आवतन धाडतो! मी काय तुजी गिऱ्हाईक हाय?" गल्ली गोळा झाली. बाबा खाली मान घालून उभे, आणि माझ्या लक्षात आलं की ते हसतायत. रडतायत आणि हसतायत. आत्यानं सगळं बोलून घेतलं, सोनलच्या लग्नापासून मागं जात जात आजोबांच्या तेराव्यापर्यंत, मग म्हणाली, "हितंच बस. मी तयार होते."

तिथंच म्हणजे ओट्यावर, रस्त्याला तोंड करून. आणि आत्या आत गेली ती गेलीच. मला वाटलं परत रुसली. आत जाऊन बघते तर बाई निवांत. केसांना तेल लावून झालेलं, वेणी सोडून परत घातलेली, सुनेला चार वेळा साड्या काढायला लावलेल्या. म्हटलं, "आत्या, चल ना, बाबा कधीचे बसलेत!" तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. "बसू दे की. मच्छीवाली अजून जायची हाय." मच्छीवाली आली, तिनं विचारलं, "भाऊ न्यायला आला वाटतं?" आत्या आतूनच ओरडली, "मी सांगत होते, येऊ नको, मी येते. ऐकत नाय ना!" मग ती बाहेर आली. घोड्याच्या पायऱ्यांवरून तिला वर चढवायला बाबा, मी आणि मच्छीवाली असे तिघं लागलो.

हळदीला आत्यानं काय केलं ते विचारू नका. हळद जाडी दळलीय, मांडव वाकडा आहे, मटणात पाणी आहे, सोनल बारीक झालीय, मी काळी झालेय. बाबा तिच्या मागं मागं फिरून "हो बेबी, हो बेबी" करत होते. निखिलच्या गालाला तिनं पहिली हळद लावली, तेव्हा मात्र तिला बोलता आलं नाही. डीजेवाल्यालाही कळलं, त्यानं गाणं जरा कमी केलं.

लग्नाच्या गडबडीनंतर मी आळसवाडीत गेले तर रानगवत माजलेलं. शेळी म्हणाली, तेच. मी तिला सलगम दिला नाही, तरी ती तितकीच गोड. आणि इकडे मी आठवडाभर बेलपाड्याला गेले नाही, तर आत्याचा फोन, "मेलंस काय गो?" मला इतकं बरं वाटलं. त्या खेळाचा दोष मला सापडला तो हा. तिथं तुमच्या जाण्यानं कोणाचं काही अडत नाही. चार दिवस शिणवटा घालवायला जावं, छान गाव आहे, फुलं आहेत, मासे आहेत. कायमचं राहायला नको.

आता माझ्या रुसव्याचं. लग्न होऊन मी उरणला आले त्याला उभा जन्म झाला. बाबा, आई, बेबीआत्या, कोणी राहिलं नाही. आजीच्या नावाचा डबा माझ्या फडताळात आहे. आणि आता निखिलच्या मुलाचं लग्न आहे, म्हणजे आत्या मी! तर परवा माझ्या फोनवर काय यावं? पत्रिका. खाली लिहिलंय, "आत्या, नक्की यायचं हं." शेजारी जोडलेले दोन हात. आमचे हे म्हणाले, "जाऊ की उठून, रस्ता काय माहीत नाही का?" तेव्हापासून मी ह्यांच्याशीही बोलत नाही.

वेळ जात नव्हता म्हणून सासरी येताना आणलेलं निखिलचं ते जुनं मशीन माळ्यावरून काढलं. आश्चर्य म्हणजे चाललं. आळसवाडीत शेळी छत्री घेऊन उभी. "आलीस! तुझी आठवण येत होती." इतक्या वर्षांनी! मी तिच्यावर रुसून बघितलं. पाठ करून उभी राहिले. ती थोडा वेळ थांबली आणि गुणगुणत फुलांना पाणी घालायला निघून गेली. मी टीव्ही बंद केला आणि लिहायला बसले.

आत्ता इथवर लिहिलं, तर खालून गाडीचा हॉर्न. वाकून बघितलं. निखिल. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पांढरा शर्ट घातलाय, आणि थेट बाबांसारखा मान खाली घालून उभा आहे. वर बघून म्हणाला, "प्राजू, न्यायला आलोय." माझे डोळे भरले, चौथ्या मजल्यावरून तशीच धावत सुटणार होते. पण म्हटलं, थांब. केसांना तेल लावायचंय, साडी ठरवायचीय. आणि त्याआधी बाल्कनीत जाऊन चांगलं मोठ्यानं ओरडले, "हॉर्न एकदाच काय वाजवतोस रं? समोरच्या बिल्डिंगला ऐकू नाय गेला!"